नंतर सांगतो

रविवारी दुपारी त्या घरातले सगळे एकत्र जेवायला बसत, आणि सगळे एकत्र बसले की बाळ एकटा जेवत असे.

बाळ म्हणजे पन्नाशीला टेकलेला, कानशिलं पांढरी झालेला, चष्मेवाला गृहस्थ. पण घरातला धाकटा, त्यात लहानपणी तापात कान गेलेले. अशा माणसाला घरात बढती मिळत नाही, तो बाळच राहतो. बोलायला, वाचायला तो तापाआधीच शिकला होता. समोर एकच माणूस असला, तोंडात घास नसला आणि चेहऱ्यावर उजेड असला, तर बाळला ओठांवरून बहुतेक सगळं कळे. पण जेवणाच्या टेबलावर एवढी शिस्त कुठली? तिथे एकाचं वाक्य दुसरा तोडतो, तिसरा पुरं करतो आणि चौथा हसतो. बाळची मान टेनिसच्या सामन्यातल्या प्रेक्षकासारखी फिरे, आणि योग्य तोंडापर्यंत पोचेतो चेंडू पलीकडे गेलेला असे.

त्या रविवारी दादा काहीतरी म्हणाला आणि वहिनी ठसका लागेपर्यंत हसली.

"काय झालं?" बाळने विचारलं.

"काही नाही रे, नंतर सांगतो," दादा म्हणाला.

हे शब्द बाळला अंधारातही ओळखता आले असते, इतका त्यांचा सराव होता. घरात कोणी दुष्ट नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. बाळच्या ताटात सगळं आधी वाढलं जाई, आणि थंडीत जाड पांघरूणही त्याच्याच वाट्याला येई. फक्त बोलणं तेवढं त्याला शिळं मिळे, तेही उरलं तर.

बाळच्या बायकोने घास खाली ठेवला आणि त्याच्याकडे तोंड केलं. "दादा सांगतायत, डॉक्टरांना फिल्ममध्ये स्वतःचं टक्कल नकोय. तिथे सावली टाका म्हणाले."

बाळ मोठ्याने हसला. तोपर्यंत टेबल पाण्याच्या टाकीवर पोचलं होतं, आणि टाकी गळण्यात हसण्यासारखं काय आहे म्हणून सगळे त्याच्याकडे बघू लागले.

दोघा भावांचं दुकान होतं. कंपन्यांची प्रेझेंटेशन, वेबसाइटवर टाकायच्या फिल्म, कोणाच्या निवृत्तीचा स्लाइड-शो, असली कामं. दादा गिऱ्हाइकाशी बोले, वहिनी निवेदनाला आवाज देई, आणि बाळ जुळवाजुळव करी. ऐकू न येणारा माणूस फिल्म कशी जुळवतो, असं लोक विचारत. आवाज बाळला पडद्यावर टेकड्यांच्या ओळीसारखा दिसे. टेकडी संपली की वाक्य संपलं, तिथे कापायचं. त्याची कात्री इतकी अचूक होती की गिऱ्हाइकं दादाचं अभिनंदन करत. आपण कापलेल्या एकाही टेकडीत काय होतं, हे मात्र बाळला ठाऊक नसे.

सध्याचं मोठं काम होतं कानाच्या इस्पितळाचं. नव्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर फिल्म: खुद्द डॉक्टर, निळा टाय लावून, कानांची निगा कशी राखावी ते सांगतात. फिल्म पाहायला डॉक्टर दुकानात आले तेव्हा बाळने सुरुवातीच्या भागापुरती, बायकोकडून लिहून घेऊन, खाली अक्षरं घालून ठेवली होती. डॉक्टर जे बोलत, ते खाली लिहून येई.

"अक्षरं नकोत," डॉक्टर म्हणाले. "चित्र खराब होतं. शिवाय टायवर येतात."

"पण डॉक्टर, बघणार कोण? तुमचे पेशंट," बाळ म्हणाला. "ऐकू येत नाही म्हणून तर येतात ना ते तुमच्याकडे?"

डॉक्टर दादाकडे वळले. बहिऱ्या माणसाला उत्तर शेजारच्या माणसाकडून पाठवायची पद्धत आहे, आणि कानाचा डॉक्टर झाला म्हणून काही तो पद्धतीबाहेरचा नसतो. "यांना सांगा, पेशंटबरोबर नातेवाईक असतात. ते सांगतील की."

"कधी?" बाळने विचारलं.

"काय कधी?"

"कधी सांगतील?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघाले.

"अरे, गिऱ्हाईक आहे ते," दादा नंतर म्हणाला. "त्यांना टाय दाखवायचाय, आपण टाय दाखवू. आपलं काय जातंय?"

दादाचं खरोखरच काही जात नव्हतं. उलट येत होतं. डॉक्टर त्यांचं सभागृह आईच्या स्मरणसभेसाठी फुकट देणार होते. आई गेली त्याला थोडेच महिने झाले होते. आधी डॉक्टरांच्या फिल्मचं उद्घाटन, मग आईवरची फिल्म, असा कार्यक्रम दादाने आखला. एका दिव्यात दोन खोल्या उजळवायची हातोटी त्याच्यापाशी पहिल्यापासून होती.

आईवरच्या फिल्मचा मुख्य भाग म्हणजे तिच्याशी दादाने मारलेल्या गप्पा. ती आजारी पडायच्या जरा आधीच चित्रित केलेल्या. आई खिडकीशी बसून दादाशी बोलत होती, म्हणजे कॅमेऱ्याला एकच गाल. त्यात दात काढून ठेवलेले, ओठ आत गेलेले. जिच्या ओठांवर बाळ बोलणं वाचायला शिकला, तिचेच ओठ त्याला वाचता येईनात. शेवटी एके ठिकाणी ती वळून थेट कॅमेऱ्यात बघते, बराच वेळ बोलते, आणि तोंडावर हात धरून गदगदा हसते.

"इथे काय म्हणते रे?" बाळने फिल्म जुळवताना विचारलं होतं.

दादा फोनवर होता. त्याने पडद्याकडे ओझरतं पाहिलं. "आईचं नेहमीचं रे. लांबण नुसती. नंतर सांगतो. काप तेवढं."

टेकड्यांची लांबच लांब ओळ होती. बाळने ती सफाईने कापली.

डॉक्टरांच्या टायमुळे एक गोष्ट झाली. बाळ इरेला पेटला. त्याने बोललेलं लिहून देणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं. ते हुशार होतं, पण अतिहुशारही होतं. कानातल्या मळाचा त्याने रानातला मळा करून टाकला. म्हणून बायको कानाला हेडफोन लावून शेजारी बसे आणि चुका दुरुस्त करी. डॉक्टरांची फिल्म अक्षरांसकट तयार झाली. एका दुपारी, दादा घरी वामकुक्षी घेत असताना, बायको म्हणाली, "आता आईंची घाला की. कापलेली नको, मूळची."

अक्षरं पडद्यावर येऊ लागली. खिडकीतली आई, एक गाल, आणि खाली तिचे शब्द. बाळ वाचत होता. तोंडावर हात धरण्याची जागा आली आणि बायकोने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. सॉफ्टवेअरने पहिल्यांदाच सगळं बरोबर लिहिलं होतं.

बाळने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तो उठला आणि घरी जाऊन त्याने दादाला हलवून जागं केलं.

"आई कॅमेऱ्यात माझ्याशी बोलत होती."

दादा उठून बसला. डोळे चोळायला त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. "अरे, हो... ते होय. तू मला विचारायचंस ना!"

"विचारलं होतं."

"मग मी काय म्हणालो?"

बाळने त्याला आठवायला वेळ दिला.

"बाळ, तुझ्या मनाला लागलंय, कळतंय मला," अखेर दादा म्हणाला. "पण सभेत चारचौघांपुढे घरातलं कशाला? डॉक्टर असणार, त्यांचे ट्रस्टी असणार. कार्यक्रम उरकू दे. नंतर बसून सगळं सांगतो तुला."

"नको," बाळ म्हणाला. "मला कळलंय. आता मी सांगतो."

सभागृह भरलं होतं. पुढे ट्रस्टी आणि नातेवाईक, मागे डॉक्टरांचे पेशंट, कानांत यंत्रं लावलेले. त्यांना आग्रहाने बोलावलं होतं, कारण उद्घाटनाच्या फोटोत पेशंट लागतात. बाळ नेहमीप्रमाणे मागे, कॉम्प्युटरशी बसला होता. दादाने मंचावरून खूण केली. दिवे मालवले.

पडद्यावर डॉक्टर आले. टाय झळकला. ओठ हलू लागले. अक्षरं नव्हती, डॉक्टरांच्या इच्छेप्रमाणे. आवाजही नव्हता, बाळच्या इच्छेप्रमाणे.

लोकांनी थोडा वेळ सभ्यपणे वाट पाहिली. मग माना वळू लागल्या. "आवाज! अहो, आवाज!" पडद्यावरच्या डॉक्टरांनी बोट उगारून काहीतरी अत्यंत महत्त्वाचं सांगितलं. दादा धावत मागे आला. कॉम्प्युटरचा उजेड त्याच्या तोंडावर पडला.

"बाळ! आवाज गेलाय!"

"गेला नाही. मी बंद केलाय."

डॉक्टरही खुर्चीतून उठून पाठोपाठ त्या उजेडात आले. "काय चाललंय हे? काय बोलतोय मी तिथे?"

बाळने शेजारचा माईक उचलला. त्याचा आवाज जरा सपाट होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"नंतर सांगतो," तो म्हणाला.

पुढच्या रांगांतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मागच्या रांगांत मात्र कोणीतरी फसकन हसलं. यंत्र लावलेल्या एका बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं. त्यांना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही.

"बसा डॉक्टर," बाळ म्हणाला. "दोन मिनिटं तुम्ही आमच्या घरी जेवायला बसला होता, एवढंच. आता तुमची फिल्म दाखवतो."

फिल्म पुन्हा सुरू झाली, आता आवाजासकट आणि अक्षरांसकट. मागच्या रांगा पुढे झुकल्या. एक म्हातारे पेशंट, ज्यांना आपण हळू बोलतोय असं वाटत होतं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे एवढं सगळं सांगतात होय! मी आपला इतकी वर्षं मान डोलावतोय."

मग आईची फिल्म लागली. सुरुवातीला जुने फोटो, नुसतं संगीत आणि खाली वर्षं. तेवढ्यात पहिल्या रांगेत मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, काठी आपटली. डोळ्यांपुढे पडदा आल्यापासून ती काठी आपटूनच बोलायला सुरुवात करी.

"नुसती वाजंत्री काय वाजवताय? मला काही दिसत नाही. काय दाखवतायत?"

दादा तिच्या शेजारीच होता. तो वाकून म्हणाला, "मावशी, नंतर..."

आणि थांबला. ओठ उघडेच राहिले. मागून बाळला ते दिसलं नाही, पण मंचाच्या कडेला उभ्या वहिनीला दिसलं. सगळ्या फिल्मना आवाज देणाऱ्या वहिनीने पुढे होऊन माईक घेतला.

"मावशी, आई चाळिशीतली आहे. सायकल शिकतेय. तुम्ही मागून कॅरिअर धरलाय."

"धरला नव्हता!" मावशी ओरडली. "केव्हाच सोडला होता! फोटोत दिसतंय का ते?"

वहिनीने निरखून पाहिलं. "दिसतंय."

"पडली ती पुढे," मावशी समाधानाने म्हणाली. वहिनी शेवटच्या फोटोपर्यंत सांगत राहिली.

मग खिडकी आली. आई दादाशी बोलली, आणि वळून थेट कॅमेऱ्यात पाहू लागली. अक्षरं बाळने आवाजाच्या जराशी आधी लावली होती.

"बाळ, लहान होतास तेव्हा एकदा जेवताना आम्ही सगळे हसत होतो, आणि तू विचारलंस काय झालं. मी म्हणाले नंतर सांगते. ते राहूनच गेलं. तर आता सांगते. हे लोक खाली लिहितीलच. तुझे बाबा शेजारच्या गल्लीत कोणी गेलं म्हणून भेटायला गेले आणि चुकून भलत्याच घरात शिरले. त्या बाईंना काही बोलूच देईनात. हात जोडून म्हणाले, 'वहिनी, फार सोशिक माणूस होता हो. कसं काढलं असेल त्याने!' तेवढ्यात आतून तिचा नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, 'ऐकलंस? लोकांना कळतं सगळं!'"

शेवटचे शब्द पडद्यावर आले आणि मागून एक मोठं, सपाट, बिनधास्त हसू उठलं. बाळ हसत होता. त्याच्याबरोबर यंत्रवाले पेशंट. निमिषभराने आवाज पोचला आणि मग उरलेलं सभागृह हसलं. जन्मात पहिल्यांदा सगळे बाळच्या नंतर हसले.

पडद्यावरची आई तोंडावरचा हात काढून म्हणाली, "झालं सांगून. तुला फार थांबवलं. आता ह्या लोकांसाठी थांबू नकोस."

दादाने डोळे पुसले की नाही, ते अंधारामुळे नक्की सांगता येणार नाही.

चहाच्या वेळी डॉक्टर बाळपाशी आले. या वेळी ते थेट त्याच्याशीच बोलले, एवढी सुधारणा झाली होती.

"कार्यक्रमापुरतं ठीक होतं. वेबसाइटसाठी अक्षरं काढून फाईल पाठवा."

उजेड चांगला होता, डॉक्टरांच्या तोंडात बिस्किट नव्हतं, शब्द सुटे आणि स्वच्छ होते. बाळने ते एकूण एक वाचले.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी आवाज चढवला. ट्रस्टी बघू लागले. कानाचा डॉक्टर बहिऱ्या माणसाच्या तोंडावर ओरडतोय, हे दृश्य त्यांना फोटोसाठी बरं वाटलं नसावं.

"डॉक्टर, ओरडू नका," बाळ म्हणाला. "लिहून द्या. इस्पितळाच्या कागदावर, खाली सही करून. 'आम्ही सांगतो ते आमच्या कानाच्या पेशंटना कळू नये, अशी आमची इच्छा आहे.' एवढं एक वाक्य. ते मिळालं की लगेच अक्षरं काढतो."

डॉक्टरांनी आशेने दादाकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला सांभाळणारा माणूस तोच होता. दादाने चहाचा कप खाली ठेवला, खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि अगदी आदराने डॉक्टरांपुढे धरलं.

"घ्या," तो म्हणाला. "आत्ताच द्या. नंतर राहून जातं."