धाकटीचे दार

"बाबा, 'लाकडी हातोडीने दोनदा, हळू' हेसुद्धा लिहायचं?"

लेकीने टाइप करणे थांबवून मान वर केली. समोर बसलेला मिस्त्री हातोडी किती उचलायची ते हवेत करून दाखवत होता.

"लिही. नाहीतर माणूस जोरात मारतो आणि पाइपाचा सांधा निखळतो."

"पण व्हिसाचा अधिकारी कशाला हातोडी मारायला येईल?"

ओट्याशी उभी असलेली बायको हसली. मिस्त्रीही हसला, पण वाक्य त्याने खोडू दिले नाही.

एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तो मशीन दुरुस्तीचे काम करी. माणूस आत उभा राहील एवढी तीन धुलाई मशीन तिथे होती. कागदोपत्री त्यांना एक, दोन, तीन असे आकडे होते. मिस्त्रीने पहिल्याच वर्षी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी करून टाकले होते. थोरली कामाला वाघ, पण सुरू होताना कुरकुर करणार. मधली गरीब गाय. धाकटी दिसायला सगळ्यांत नवी आणि स्वभावाने खोटारडी. तिचा हिरवा दिवा लागला तरी आतले उकळते पाणी पुरते गेलेले नसे. तिच्या दाराचे कुलूप झिजले होते. ते बदलून द्या म्हणून मिस्त्रीने दोनदा अर्ज केला, आणि दोन्ही वेळा 'नवे मशीनच येणार आहे' असे उत्तर आले. ते यायला निघून चार वर्षे झाली होती. त्याच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा चट्टा होता, तो धाकटीचाच.

परदेशात येऊन त्याला अकरा वर्षे झाली होती. व्हिसा दर तीन वर्षांनी वाढवून मिळे. अर्ज कंपनी करी आणि महिन्याभरात कागद हातात पडे. या वेळी मात्र तिसरा महिना लागला तरी घोंगडे भिजतच पडले होते. जुन्या व्हिसाची मुदत पुढच्या महिनाअखेरीस संपणार होती. लेकीची शाळेची शेवटची मोठी परीक्षा त्यानंतर दोन महिन्यांनी. परीक्षेपर्यंत राहण्याचा परवाना असल्याचा कागद द्या, म्हणून शाळेने दोन चिठ्ठ्या धाडल्या होत्या. त्या फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेल्या असत. दूध काढायला गेलेले माणूस त्यांच्याकडे न बघता दार उघडी.

आणि हे लिहिण्याचे काम सांगितले होते साडूने.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच धुलाईखान्यात सुपरवायझर. अकरा वर्षांपूर्वी मिस्त्रीला इकडे बोलावले ते त्यानेच, आणि विमानतळावर स्वतःचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला तोही त्यानेच. तो म्हणाला होता, की या वेळी कंपनीचा वकील हटून बसलाय. या माणसाचे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असे सिद्ध करून मागतोय. "तेव्हा मिस्त्री, सगळं लिहून काढ. बारीकसारीक काही सोडू नकोस. वाचणाऱ्याचे डोळे पांढरे झाले पाहिजेत."

मिस्त्री नेमका असल्या सांगण्याला फसणारा माणूस. शाळेत त्याला कुणी कधी निबंध वाचून दाखवायला उभे केले नव्हते. कामावरून आला की तो हातपाय धुऊन टेबलाशी बसे आणि आपल्या भाषेत सांगे. लेक ते इथल्या भाषेत उतरवी. कुठल्या झडपेला किती आटे, थोरलीचा पट्टा कुठल्या आवाजाला बदलायचा, मधलीला साबण कमी का लागतो. असे पाच आठवडे चालले. दर रविवारी साडू यायचा, नवी पाने वाचायचा आणि लेकीच्या पाठीवर थाप मारायचा. एकदा त्याने तिला चांगलेसे पेनही आणून दिले.

"भावोजींना इतकं वाचायचा नाद कधीपासून लागला?" बायकोने एकदा विचारले होते. "ताईने दिलेली किराणाची यादी ते धड वाचत नाहीत."

"आपल्यासाठी करतात ते," मिस्त्री म्हणाला होता. अर्जाचा नंबर तेवढा मागून घ्या, असा तिने लकडा लावला. त्याने मागितलाही. नंबर वकिलाकडे असतो, साडू म्हणाला.

सगळे लिहून झाले तेव्हा लेकीने त्याच्या मनगटाकडे बोट केले. "आणि हे? धाकटीचं दार?"

मिस्त्रीने बराच विचार केला. अधिकारी म्हणेल, मशीन बिघडलेले आणि मेकॅनिक भाजलेला. असला माणूस ठेवून करायचे काय? "ते राहू दे," तो म्हणाला. तेवढी एकच गोष्ट त्याने लिहिली नाही. बेचाळीस पाने झाली. त्रेचाळिसावे लेकीने आपल्या मनाने जोडले. 'हे सर्व काम गेली अकरा वर्षे माझे वडील करत आहेत,' असे लिहून खाली त्याचे पूर्ण नाव. तिने ते वाचून दाखवले तेव्हा मिस्त्री उगाचच चष्मा पुसत बसला.

त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी तो कामावर गेला, तेव्हा थोरलीच्या शेजारच्या खुंटीवर पानांचा एक जाड गठ्ठा टांगलेला होता. प्रत्येक पान प्लॅस्टिकमध्ये घालून घट्ट बसवलेले आणि कोपऱ्यातून कडी ओवलेली. पन्नाशीचा एक इथलाच माणूस, दोरीला अडकवलेला चष्मा लावून, ओठ हलवत ती पाने वाचत होता. त्याच्या हातात लाकडी हातोडी होती. त्याने थोरलीच्या पाइपावर दोनदा ठोकले. हळू.

मिस्त्रीला आधी बरेच वाटले. आपण लिहिलेले समजते आहे, एवढेच त्याच्या डोक्यात आले. मग त्या माणसाने उठून हात पुढे केला आणि आपण नवा मेकॅनिक असल्याचे सांगितले. लिहिणाऱ्याने फार छान लिहिलेय, असेही म्हणाला. कुणी लिहिलेय ते त्याला ठाऊक नव्हते. मिस्त्रीने गठ्ठा हातात घेऊन शेवटचे पान उलटले. ते बेचाळिसावे होते.

साडू वर, त्याच्या काचेच्या खोलीत होता. मिस्त्री आत गेला तेव्हा त्याने खुर्ची पुढे सरकवली. मिस्त्री बसला नाही.

"अर्ज केलाच नाही ना?"

साडूने टेबलावरचे कागद सारखे केले. मग बोलू लागला. तीन महिन्यांपूर्वीच वरून ठरले होते. व्हिसावरचा, बाहेरचा माणूस एकच ठेवायचा. साडूचाही कागद त्याच टेबलावर होता. मिस्त्रीचे काम कागदावर उतरवून घे, मग तुझे बघू, असे त्याला सांगण्यात आले. त्याला दोन पोरे, घराचे हप्ते. मिस्त्री ऐकत राहिला. काचेपलीकडे पांढऱ्या चादरींची गाडी गेली.

"पोरीची परीक्षा तुम्हाला माहीत होती."

"होती."

"तिच्याकडून लिहून घेतलंत."

साडूने मान खाली घातली. मग थोडे चिडूनच म्हणाला, "तुला खरं सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस का?"

"विचारून बघायचं होतंत," मिस्त्री म्हणाला.

केसाने गळा कापणे हे त्याने आजवर नुसते ऐकले होते. आता त्याला कळले, की कापणारा सोबत बसून चहा पितो, पानांचे कौतुक करतो, आणि केस आपल्याच लेकीच्या डोक्यावरचा असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विचारले असते तर त्याने खरोखरच लिहून दिले असते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या कोटासाठी दिले असते. तीन महिने हातात मिळाले असते, तर लेकीच्या परीक्षेपुरती तरी काही तजवीज करता आली असती. आता हातात अकरा दिवस होते. ती संध्याकाळी शाळेतून येईल आणि आधी फ्रिजकडे बघेल.

तो परत खाली आला. धाकटीचा फेरा संपत आला होता. ढोल मंदावला, थांबला, आणि हिरवा दिवा लागला. नव्या माणसाने पानात बघितले. पानात लिहिले होते, हिरवा दिवा लागताच दार उघडावे. त्याने चष्मा छातीवर सोडला आणि दाराच्या मुठीकडे हात नेला.

मिस्त्री चार पावलांवर उभा होता. ही एक गोष्ट त्या पानांत कुठेच नव्हती, फक्त त्याच्याजवळ होती. कुणी काढून घेतली नव्हती, कुणी फसवून लिहून घेतली नव्हती. नुसते उभे राहायचे होते.

"थांबा," तो म्हणाला.

माणूस थबकला. मिस्त्रीने खिशातले पेन काढले आणि त्या पानावर लिहू गेला. प्लॅस्टिकवर शाई धरेना. अक्षर उमटे आणि अंगठ्याला लागून फिसकटे. दोनतीनदा प्रयत्न करून त्याने पेन खिशाला लावले. मग बाही वर सारून मनगट पुढे केले. माणूस त्या चट्ट्याकडे बघत राहिला, मग बंद दाराकडे.

मिस्त्रीने त्याचा हात धरून तळवा धाकटीच्या दारावर टेकवला, शेजारी आपला टेकवला. पत्रा चांगलाच तापला होता. नव्वदपर्यंत मोजायचे, त्याने सांगितले, आणि मोजायला लागला. त्या दारापाशी तो नेहमी आपल्याच भाषेत मोजी. आजही तसेच मोजले. शेजारच्या माणसाला एक अक्षर कळत नव्हते, पण तो प्रत्येक आकड्याला मान हलवत होता.

पन्नाशीनंतर आत पाणी उतरल्याचा आवाज आला. वर काचेमागे साडू उभा होता. मिस्त्रीने तिकडे पाहिले नाही. आकडा चुकला असता.

नव्वदला त्याने हात काढला आणि बाजूला झाला. दार नव्या माणसाने उघडले.