तीन शिंगांचे शैवाल आणि मी

मी एक जुने जाळे आहे, पण मासे धरण्याचे नव्हे. एखाद्या कोळ्याने मला पाहिले तर तो पोट धरून हसेल, कारण माझ्या छिद्रांतून साधा केसही जाणार नाही. माझ्या तोंडाला लोखंडी कडे आहे, अंग खाली निमुळते होत जाते आणि टोकाला एक लहानसा डबा आहे. पाणी माझ्यातून निघून जाते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शैवाल डब्यात उरते. मित्रांनो, हे बारीक जीव म्हणजे समुद्रातले गवत. ते आहे म्हणून कोळंबी आहे, आणि कोळंबी आहे म्हणून मासे, सील आणि देवमासे आहेत.

मला विणले त्या कारखान्यात एक करड्या केसांची कारागीर होती. कापडाचा हातभर तुकडाही ती दिव्यापुढे धरल्याशिवाय पुढे सरकू द्यायची नाही. "ध्रुवाकडे जायचंय याला, शिवण दुहेरी घालते," असे ती शेजारणीला म्हणाली. त्या दुहेरी शिवणीचा मला भारी अभिमान वाटायचा.

जहाजावर मी एका तरुण संशोधिकेच्या हाती आलो. थंडीतून आत आली की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि ती हमखास कशाला तरी धडकायची, म्हणून सगळे जहाज तिला चष्मिस म्हणे. कुठल्या पाण्यात कोणकोणत्या जातींचे शैवाल राहते, हे शोधणे तिचे काम. तिच्या वरच्या शास्त्रज्ञ म्हणजे बाई. त्या कमी बोलायच्या, पण त्यांच्या नुसत्या पाहण्यानेही माणसे सरळ उभी राहत. चष्मिसने मला लेकरासारखे जपले. दर फेरीनंतर ती मला बाहेरून पाण्याचा फवारा मारून धूत असे. तो आमचा नियमच होता.

तो नियम एकदाच मोडला. बर्फाच्या हद्दीच्या थोडे अलीकडे आम्ही थांबलो होतो. तिथल्या पाण्यात तीन शिंगांचे एक शैवाल खच्चून भरलेले होते. मी वर आलो तेव्हा वारा असा बोचरा सुटला होता की पाण्याचा पाइपच गोठून गेला. कुणीतरी बादली आणली, पण पाणी अंगावर पडताच मी पत्र्यासारखा ताठ झालो.

"नुसतं झटकूया, काका," चष्मिस दोर सोडणाऱ्या काकांना म्हणाली. "अजून पाणी लावलं तर चिरेल हे."

तिने माझ्यावरच्या मायेपोटीच तसे सांगितले. मला झटकून खुंटीला अडकवले, आणि पुढच्या मुक्कामी, ऐन बर्फाच्या मधोमध, मी तसाच पाण्यात उतरलो.

त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली चष्मिस एकदम किंचाळली. "बाई, लवकर या! तीन शिंगं! इथे, बर्फात!"

ते शैवाल तिथले नव्हेच. ते कमी थंड पाण्यात राहणारे. ते इथवर पोहोचले असेल तर समुद्र फार बदलला, आणि हे सर्वांआधी पाहिले ते चष्मिसने. तिला स्वर्ग दोन बोटे उरला. किनाऱ्यावर काय कळवायचे तेही तिने मनात जुळवून टाकले.

बाईंनी बराच वेळ पाहिले. मग मान वर न करताच विचारले, "जाळं धुतलं होतंस ना?"

मी समोरच खुंटीवर होतो. मागच्या समुद्राचा गाळ माझ्या शिवणीत अडकलेला मला जाणवत होता. पण ती शिंगे त्या गाळातून आली की इथल्या पाण्यातून, ते मलाही सांगता आले नसते. दारात कप्तान उभे होते. बर्फ जवळ येत होता, जहाज लगेच फिरवायचे होते. चष्मिस नुसते 'हो' म्हणाली असती तर ते तपासायला तिथे पुन्हा कोण येणार होते? तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. माझा जीव टांगणीला लागला.

"नाही, बाई. झटकलं होतं फक्त."

"मग आपल्या हाती काहीच नाही."

कप्तानांनी बाहेर नजर टाकली. "आणखी एक फेरी देतो. जाळं अडकलं तर दोर कापून निघायचं. मग रडायचं नाही."

चष्मिसने मला उचलून न्हाणीघरात नेले. गरम पाणी सोडले, शिवण उलटी केली आणि दात घासायच्या ब्रशने, तोही स्वतःच्या, टाका न् टाका घासला. तपकिरी पाणी वाहत राहिले. पाणी नितळ होईपर्यंत ती थांबली नाही.

मग मी त्या काळ्या पाण्यात उतरलो. मला कापून टाकतील या विचाराने मी पुरता गर्भगळीत झालो होतो. वर काका ओरडले, "दोर तिरका होतोय! बर्फाची लादी आली!" दोर बर्फाच्या कडेवर घासू लागला. माझे कडे लादीच्या तळाला धडकले आणि तोंडापाशी मी टर्रकन फाटलो. भोंगा वाजला. कप्तानांच्या हातात सुरी होती. काकांनी दोर थोडा ढिला सोडला, लादी इंचभर सरकू दिली आणि मला वर ओढले.

डबा शाबूत होता. चष्मिस एकेक थेंब काचेवर घेऊन पाहू लागली. सुयांसारखे शैवाल होते, साखळ्यांसारखे होते, काचेच्या डब्यांसारखे होते, पंख्यासारखे होते. थंड पाण्यातले सगळे गोतावळ्यासह हजर होते. तीन शिंगे मात्र कुठेच नव्हती. शेवटचा थेंब पाहून तिने टेबलावर डोके टेकले.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, रडतेस काय? ते आलेलं नाही. निदान इथे तरी समुद्र अजून थंड आहे."

चष्मिस रडता रडता हसली. "कळतंय हो, बाई. पण मला ते सापडायला हवं होतं."

"मलाही," बाई म्हणाल्या.

आता माझ्या जागी नवे जाळे आले आहे. मी कोठीत पडून असतो आणि अंगावर धूळ साचते. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. जे साधन हाताळाल ते धुऊन, पुसून जागेवर ठेवा. कधी राहून गेले आणि कुणी विचारले, तर चष्मिससारखे खरे सांगा. तो 'हो' तिच्या ओठांवर आलेला मी पाहिला आहे, आणि तो गिळून तिने 'नाही' म्हटलेलेही मी ऐकले आहे.