बाजेखालचं सुरण

थंडीला माणसं घाबरतात ती अंगासाठी. जैनथ गावचे भाजी पिकवणारे उत्तमराव घाबरत ते सुरणासाठी. गेल्या वर्षी संक्रांतीला जरा ऊन पडलं आणि त्यांनी उतावीळपणे अर्धं बियाणं लावून टाकलं. पुढच्याच आठवड्यात पैनगंगेवरून गारठा आला. उकरून पाहिलं तर कंदांचा नुसता लगदा, आणि वास असा की मांजरानं वाट बदलली. उरलं एक पोतं. त्यांच्या मायनं राखलेलं, घसा न खाजवणारं वाण. ते गेलं की पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

म्हणून यंदा माती तापेपर्यंत लावायचं नाही, असं ठरवून त्यांनी पोतं गावातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवलं. लेक राहीबाई बाळंतपणाला आली होती, तिच्या बाजेखाली, शेगडीच्या शेजारी.

सुरणाला वाटलं, वैशाख आला. माघातच कोंब फुटले.

उत्तमरावांनी वावरात अनवाणी पाय टेकवला तर जमीन गारठ्यानं चावत होती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. रोज सकाळी ते दाराबाहेरूनच विचारत, "बरं हाये ना?"

"बाबा, कोनाची इचारपूस करून राह्यले? नातवाची का सुरनाची?"

"दोगांचीबी," ते म्हणाले, आणि घाईनं जोडलं, "पयले नातू."

अशात जावई सुधाकरराव लेकीला न्यायला आले. लेक गेली की शेगडी विझणार, शेगडी विझली की कोंब सडणार.

"जवाईबापू, होळीवरी राहू द्या. लय गारठा हाये."

"काऊन, मामाजी? बाळ तं गुटगुटीत हाये."

"बाळाचं नाही हो..." बोलून गेले आणि उत्तमरावांनी जीभ चावली.

लेक गेली. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, शेगडी उचलली. "रिकाम्या बाजेखाली म्या निखारे नाही ठेवत. घर पेटवाचं हाये काय?"

उत्तमराव म्हणाले, "बाज रिकामी नाही राहनार."

आणि कानाला फडकं बांधून ते स्वतःच बाजेवर आडवे झाले. मथुराबाईंना शेगडी परत बाजेखाली सरकवावी लागली.

शेजारच्या जयवंताबाई चौकशीला आल्या, तर मथुराबाईंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "अंदर नका जाऊ बाई, हवा लागते." वर बाळंतिणीचा उरलेला एक डिंकाचा लाडूही आत सरकवला.

उत्तमरावांचं लाडवाकडे लक्ष नव्हतं. बाजेवरून ओणवे होऊन ते कोंबांना बोट लावून पाहत होते. बाहेर वारा वाढला होता, शेगडीवर राख चढत होती.

"निखारे आन वं," ते घोगऱ्या आवाजात ओरडले, "लवकर आन, निखारे!"