शब्बाथच्या आधी लावलेला कॅमेरा

आयुष्यातली पहिलीच फिल्म, आणि घरातल्या धाकटीने विषय घेतला तो आपल्याच ज्यू समाजाचा. समाज म्हणजे गावात उरलेली अकरा घरं. सात महिने उंबरे झिजवून तिने सगळ्यांना बोलतं केलं होतं. आपण स्वतः मात्र पडद्यावर यायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मिरवणाऱ्यांचा तिला भारी तिटकारा.

आता एकच गोष्ट राहिली होती. पणजोबांनी बसवलेली प्रार्थनेची चाल आता फक्त आत्याला येत होती, आणि आत्या सोमवारी कायमची मुलाकडे निघाली होती. इतर दिवशी गाऊन दाखव म्हणून धाकटीने तिच्या नाकदुऱ्या काढल्या, पण आत्या बधली नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विसाव्याचा दिवस, लागल्याशिवाय ती चाल गळ्यातून निघतच नाही, म्हणाली. आणि शब्बाथ लागला की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, चालूही करायचा नाही आणि बंदही.

धाकटीही हट्टाला पेटली. शुक्रवारी ऊन उतरायच्या आत तिने ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, जेवणाचं टेबल नीट चौकटीत घेतलं, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून भिंतीशी उभी राहिली. तिची ही पळवाट पाहून आत्याला हसू आलं, पण तिने हरकत घेतली नाही.

आत्याने दिवे लावले, टेबलाशी बसली, पहिली ओळ म्हटली आणि थांबली. दम लागला असेल, असं धाकटीला वाटलं. आत्याने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुन्हा थांबली. तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसरी ओळ बाबांची असायची, आणि बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. सात महिने जगाला प्रश्न विचारणारी ती, घरातलंच विसरली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. चाचरतच तिने आत्याला पुढचंही म्हणायला सांगितलं.

"दोन वर्षं मी इथेच थांबते," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाची ओळ मी नाही म्हणणार."

कॅमेरा चालूच होता, आणि थांबवायची सोय नव्हती. धाकटी आत्यासमोर येऊन बसली आणि घोगऱ्या आवाजात दुसरी ओळ म्हणाली. सूर पार भरकटला.

"चुकलं," आत्या म्हणाली. "परत."

परतही चुकलंच. आत्याने तिसऱ्यांदा पहिली ओळ धरली. धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या पाळीची वाट पाहत ताठ बसली.