जमादाराचा खेळ

गुंजनने मोबाइलचा उजेड टॉकीजच्या तिसऱ्या रांगेवरून फिरवला, तशी पोरं ओरडली.

"ओ ताई, डोळ्यात उजेड काऊन मारून राह्यल्या?"

तिने उजेड खाली केला नाही. एकेक चेहरा बघत ती रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच मागे वळली. स्वप्निलने तिचा हात धरला.

"गुंजनताई, बस आता. सुरू होऊन राह्यला. आला तर मले दिसनच तो."

"बाल्कनी पाह्यली?"

"रंजिता पाहून आली. दोनदा."

स्वप्निल आणि रंजिता तिच्या धाकट्या भावाचे, आदेशचे कॉलेजचे मित्र. आदेशला घर सोडून सतरा दिवस झाले होते. आज तो इथे येईल ही कल्पना त्या दोघांचीच, आणि गुंजनकडे आता दुसरी कुठलीच कल्पना उरली नव्हती.

'जंगल का जमादार' हा तीस वर्षांपूर्वी आपटलेला डाकूंचा सिनेमा. त्यातली काही दृश्यं हिंगणीच्या जंगलात घेतलेली, म्हणून या भागातल्या पोरांनी तो आपला मानला. वर्षातून एकदा, माघातल्या एका शनिवारी, पुलगावच्या जुन्या टॉकीजमध्ये रात्री बाराला तो लागतो. पडद्यावरच्या नटाने तोंड उघडायच्या आत खाली बसलेली माणसंच संवाद म्हणून मोकळी होतात. नववीत असल्यापासून आदेशने एकही खेळ चुकवला नव्हता.

नाचणगावला त्यांची भाजीची शेती. त्या दिवशी आदेश कोणाला न सांगता नागपूरला गेला होता, एका नाटकासाठी निवड होती म्हणून. माल भरून द्यायला तो नव्हता, म्हणून बाजाराचा टेम्पो येऊन तसाच परत गेला आणि तोडलेली मेथी मांडवात पिवळी पडली. संध्याकाळी तो अंगणात आला तेव्हा त्यांचे वडील बंडूजी चार शेजाऱ्यांदेखत म्हणाले, "आजपासून मले एकच लेकरू हाय. गुंजन."

आदेशने बहिणीकडे पाहिलं. तिच्या हातात त्याच्यासाठी वाढलेलं ताट होतं. ती ते घेऊन तशीच उभी राहिली. त्याने मोबाइल बाजेवर ठेवला आणि तो निघून गेला.

त्यानंतर तिने वर्धा आणि बडनेरा, दोन्ही स्टेशनं पालथी घातली. कारंज्याच्या मावशीकडे जाऊन आली. परवा सरकारी दवाखान्यात तिला एक प्रेत दाखवलं. तो नव्हता. परतताना बसमध्ये ती एकटीच हसली होती, आणि त्या हसण्याची तिला अजून लाज वाटत होती. बंडूजींनी मात्र इतक्या दिवसांत पोराचं नावही काढलं नव्हतं. आज रंजिता न्यायला आली तेव्हा त्यांच्यासमोरच म्हणाली, "काका, आज आदेश टॉकीजमधी येनार म्हणजे येनार." ते उठून आत गेले होते.

सिनेमा सुरू झाला. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर भिरकावलेल्या फुलांच्या पाकळ्या. गुंजन पडद्याकडे पाठ करून, खुर्चीच्या कडेवर तिरकी बसली होती. पडद्यावर उजेड झाला की माणसांचे चेहरे दिसत, अंधार झाला की जात. तेवढ्या उजेडात ती जमेल तितके बघून घेत होती.

मध्यंतरानंतर रंजिताने तिचं मनगट घट्ट धरलं.

"ताई, आता आयक. इथं तो बोलते."

दरीच्या काठावर सिनेमाच्या नायकाला, जमादाराला, दोरखंडाने बांधलेलं होतं. डाकूंचा सरदार हसून त्याला विचारत होता, "कोई है तेरा इस जंगल में?" त्यापुढे चार-पाच क्षण आवाजच नव्हता, मुळातच तिथे काही भरायचं राहून गेलं होतं. दरवर्षी त्या मोकळ्या जागेत आदेश उभा राहायचा आणि ओरडायचा, "है! पूरा हिंगणी है!" मग सगळं टॉकीज त्याच्यामागून ओरडायचं. ती जागा त्याची होती. दुसऱ्या कोणी ती घेत नसे.

सरदाराने विचारलं. टॉकीज थांबलं. कोणीतरी खोकललं.

मागच्या कोपऱ्यातून एक आवाज आला, फार मोठा नाही.

"मी हाय ना."

सगळे खदखदून हसले. लोकांना वाटलं, यंदा नवीन गंमत काढली. कोणीतरी शिट्टी मारली. गुंजन तोवर उठली होती. लोकांच्या पायांवरून, खुर्च्यांना धडकत ती मागे गेली.

शेवटच्या रांगेत बंडूजी डोक्यावर दुपट्टा घेऊन उभे होते. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. नाचणगावहून पैदल आले असावेत.

"बाबा."

ते पडद्याकडेच बघत होते.

"आयकू गेलं असन का त्याले?"

गुंजनने त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसली.

सिनेमा संपून दिवे लागले तसे बंडूजी उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. बाहेर जायला तेवढं एकच दार उघडं होतं. बहुतेक पोरांनी कोळशाने जमादारासारख्या कानापर्यंत मिशा काढल्या होत्या. त्या मिशांमुळे सगळे एकसारखेच दिसत होते. बंडूजींनी पहिल्या पोराची हनुवटी धरली, दुपट्ट्याच्या टोकाने त्याची मिशी पुसली, चेहरा न्याहाळला आणि त्याला सोडलं.

तो पोरगा चिडून काही म्हणणार होता. त्याने गुंजनकडे पाहिलं आणि तो गुपचूप बाजूला झाला.

दुसरा आला. मग तिसरा. मागची रेटारेटी हळूहळू थांबली आणि पोरं एकामागे एक उभी राहिली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. जो पुढे येई तो आपणच चेहरा वर करी. दुपट्टा काळा होत गेला. आदेश त्यांच्यात नव्हता.

शेवटी स्वप्निल उरला. आदेशला सगळं दरवर्षीसारखंच दिसावं म्हणून त्यानेही मिशी काढली होती.

"काका, मी स्वप्निल."

"माईत हाय मले," बंडूजी म्हणाले, आणि त्याचीही मिशी पुसू लागले.