अर्धा तास हलायचं नाही

डेल्मर हाऊकने चार हंगामांत हरणावर एकही बाण सोडला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. शिकाऱ्याने शिकार न केल्याचा अभिमान बाळगणं म्हणजे आचाऱ्याने उपाशी राहिल्याची फुशारकी मारण्यासारखं आहे. पण डेल्मरच्या तोंडावर हे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. एक मेव्हणा सोडून.

मेव्हणा म्हणजे नॉर्ब, डेल्मरच्या बायकोचा, आर्डिसचा, धाकटा भाऊ. चीजच्या कारखान्यात कामाला, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, जेवायला मात्र बहिणीकडे ठरलेला. शुक्रवारी तळलेल्या माशांवर ताव मारता मारता त्याची गाडी सुरू व्हायची.

"ताई, दाजींच्या धनुष्याची दोरी कपडे वाळत घालायला घे गं. तशीही रिकामीच असते."

"गुमान खा," आर्डिस म्हणायची.

"नाही, मी काय म्हणतो, हरणं आता दाजींना ओळखायला लागलीत. जाता-येता थांबून विचारतात, काय हाऊकसाहेब, गुडघे काय म्हणतायत?"

डेल्मर बटाटा काट्याला टोचत म्हणायचा, "ज्या दिवशी स्वच्छ वेध मिळेल त्या दिवशी सोडीन. तोवर तू जीभ चालव. तुला तेवढंच येतं."

खरं तर नॉर्बला बाणही चांगला चालवता यायचा, कारण त्याला शिकवलं होतं डेल्मरनेच. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला हा माणूस दर सप्टेंबरात चर्चच्या तळघरात नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घ्यायचा. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यातल्या निम्म्या लोकांनी पहिला बाण त्याच्या डोळ्यांदेखत सोडला होता. त्याचे नियम लोकांना तोंडपाठ होते. हरीण आडवं उभं राहिल्याशिवाय सोडायचा नाही. मध्ये गवत असेल तर सोडायचा नाही, कारण पाणकणसाचं एक ताट बाणाची दिशा फिरवतं आणि छातीचा बाण पोटात जातो. शंका आली की बाण परत भात्यात. आणि सोडल्यानंतर अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही, बोटसुद्धा उचलायचं नाही. बाण लागलेलं हरीण जवळच जाऊन बसतं आणि शांतपणे मरतं. तुम्ही घाईने मागे धावलात तर ते भीतीने उठतं, मैलभर पळतं आणि दलदलीत कुठेतरी तडफडत राहतं. "तुमच्या उतावीळपणाची किंमत त्याने का द्यावी?" असं तो वर्गात विचारायचा.

हे वेड त्याला लागलं होतं ते क्रोगरच्या दलदलीत एक मादी सापडल्यापासून. दुसऱ्या कुणाचा तरी बाण पोटात घेऊन ती पाणकणसात पडली होती. किती दिवस पडली होती देव जाणे. जिवंत होती. डेल्मरने तिला मारून त्या यातनांतून सोडवलं, घरी आला आणि जेवला नाही. आपल्या हातून कुठलाही जीव असा पडून राहणार नाही, एवढं त्या दिवशी त्याने ठरवलं. गावातल्या लोकांना ते अति वाटे. मला विचाराल तर अति नव्हतं. माणसाने एका गोष्टीत तरी हट्टी असावं.

यंदाचा हंगाम मात्र वेगळा होता. उजव्या खांद्याची वाट लागली होती. नाताळनंतर शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर धनुष्य ओढायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे हा शेवटचा. डेल्मर वरवर म्हणत होता की एक नाही मिळालं तर काय आभाळ कोसळतंय, पण रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये तो धनुष्याला मेण लावत बसायचा, हे आर्डिस बघत होती. नॉर्बही बघत होता. त्या आठवड्यात त्याने एकही टोमणा मारला नाही, तेव्हाच डेल्मरला संशय यायला हवा होता.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे दोघं दलदलीच्या काठाला गाडी लावून उतरले. पाण्यावर पातळ बर्फ धरलं होतं.

"मी पलीकडे ओकच्या बेटावर बसतो," नॉर्ब म्हणाला. "तुम्ही तुमच्या ढिगावर. आणि दाजी, आज जरा मनावर घ्या. नाहीतर ताई ते धनुष्य जळणात घालेल."

"तू झाडावरून खाली पडू नकोस म्हणजे झालं. मागच्या खेपेला झोपला होतास."

"डोळे मिटून विचार करत होतो."

"घोरत होतास."

नॉर्ब हसत हसत अंधारात शिरला. कमरेपर्यंतच्या रबरी बुटांचा डबक-डबक आवाज थोडा वेळ येत राहिला, मग बंद झाला.

डेल्मर आधी झाडावरच बसायचा, सगळे बसतात. पण खांद्यामुळे झाडावर चढणं सुटलं, आणि दलदलीत झाडं तरी कुठली? तो पाणउंदरांनी रचलेल्या जुन्या काडीकचऱ्याच्या ढिगावर बादली पालथी घालून बसला. चहूकडे डोक्याच्या वर गेलेलं वाळकं पाणकणीस, आणि समोर हरणांच्या वाटेवर एक मोकळी जागा, सतरंजीएवढी. बाण जाईल तर तिथूनच. वारा समोरून येत होता. त्यामुळे त्याचा वास हरणांकडे जाणार नव्हता.

उजाडलं. क्रौंच पक्ष्यांचा थवा ओरडत गेला. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग पाणकणीस सळसळलं.

नर होता. चांगला भरलेला, रुंद शिंगांचा. तो चालत मोकळ्या जागेत आला आणि थांबला, अगदी आडवा, चित्रात काढल्यासारखा. आणि मान वळवून मागे बघू लागला. कानही मागे. डेल्मरला वाटलं, मागून दुसरा नर येत असणार, माजाचे दिवस आहेत. त्याचं लक्ष तिकडे आहे तोवरच काय ते करायला हवं. त्याने दोरी ओढली. खांद्यातून कळ गेली, ती त्याने गिळली. पुढच्या पायामागची ती मूठभर जागा त्याने पाहिली. मध्ये गवत नाही. आडवा आहे. जवळ आहे. हलत नाही. सगळे नियम त्याने एकेक करून तपासले, आणि शंकेला कुठे जागाच उरली नाही.

मागे पाणकणसाची भिंत होती. तिच्यामागे काय, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही. आयुष्यभर उंच झाडावरून खाली बाण मारलेला माणूस तो. वरून मारलेला बाण हरणातून निघून मातीत रुततो, मागचं बघायचं कारणच पडत नाही. आज तो जमिनीलगत बसला होता आणि बाण आडवा जाणार होता. डोक्याला हे ठाऊक होतं, सवयीला नव्हतं.

त्याने बाण सोडला. ठप्प असा आवाज झाला, नर उसळला आणि डावीकडे घुसला. पाणकणीस मोडत गेलं, थोड्या अंतरावर काहीतरी धाडकन पडलं. मग समोरून, अगदी समोरून, पाण्यात धडपडल्याचा आवाज आला, आणि घरघर. ओली, खोल घरघर.

फुप्फुसं, डेल्मरने मनात म्हटलं. दोन्ही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नर डावीकडे गेला आणि आवाज समोरून येतोय, हे त्याला जाणवलं. पण दलदलीत आवाज फसवतात, वळून आला असेल. त्याने घड्याळ पाहिलं, धनुष्य मांडीवर ठेवलं आणि तो बसला.

छातीवरच्या खिशात फोन थरथरला. नॉर्बच, दुसरं कोण? दोरीचा आवाज ऐकला असणार आणि आता चौकशा. डेल्मर गालातल्या गालात हसला. थांब लेका, अर्धा तास कळ काढ. त्याने फोनकडे पाहिलंही नाही. फोन थरथरत राहिला आणि थांबला. घरघर अजून येत होती. पुन्हा एकदा फोन थरथरला, या वेळी थोडाच. नंतर घरघरही मंद होत गेली. पुढे तर वाऱ्याशिवाय काहीच ऐकू येईना, तरी तो हलला नाही. एवढा सुखी तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

अर्धा तास संपल्यावर तो उठला. डावीकडच्या वाटेवर रक्त भरपूर होतं, शोधावं लागलंच नाही. नर थोड्याच अंतरावर पडला होता, डोळे उघडे. पडल्यानंतर पायसुद्धा झाडला नव्हता, चिखलावरून ते कळत होतं. डेल्मरने टोपी काढली. त्याच्या आजोबांच्या रीतीप्रमाणे एक हिरवी काडी शोधून नराच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. मानेवर हात ठेवून तो जरा वेळ बसला.

मग मात्र त्याला खटकलं. हा पडल्यावर हलला नाही, तर घरघर कुणाची?

तो मोकळ्या जागेत परत आला. बाणही शोधायचाच होता. नर उभा होता त्याच्या मागचं पाणकणीस त्याने दोन्ही हातांनी बाजूला केलं. आत ताटांवर रक्त होतं. गुलाबी, फेसाळ. ते हरणाच्या छातीच्या उंचीवर नव्हतं. डेल्मरच्या स्वतःच्या छातीच्या उंचीवर होतं.

नॉर्ब गुडघ्यांवर बसल्यासारखा पुढे कलंडला होता, गाल एका मोडलेल्या झुबक्यावर टेकलेला. बाण बरगड्यांत अर्धा शिरला होता. मागची पिवळी पिसं डेल्मरच्याच बाणांची. एक ताट बाण फिरवतं म्हणे. या बाणाला फिरवायला एकही ताट आडवं आलं नाही.

"नॉर्ब," डेल्मर म्हणाला. "नॉर्ब, अरे ऊठ."

गळ्याला हात लावला तर ऊब होती. नुसती ऊब. डेल्मरने त्याला उचलून छातीशी धरलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, शिव्या घातल्या. नॉर्बच्या मुठीत फोन होता. त्याच्याजवळ धनुष्य नव्हतं, आणि धनुष्य का नाही हे डेल्मरला तिथे चिखलात बसल्या बसल्याच कळलं. तरी त्याने ते कळून घेतलं नाही.

ते दुसऱ्यांनी सांगितलं. रुग्णवाहिकेच्या लोकांपाठोपाठ वॉर्डन आली, शिकारखात्याची. ब्रिटा तिचं नाव, तीही त्याच्याच तळघरातल्या वर्गात शिकलेली. तिने पाणकणसातली वाट मागे मागे ओकच्या बेटापर्यंत पाहिली आणि परत येऊन डेल्मरशेजारी उकिडवी बसली.

"त्याचं धनुष्य झाडावर टांगलेलं आहे, काका. तो वाऱ्याच्या बाजूने नागमोडी चालत आला. सावकाश, थांबत थांबत." ती अडखळली. "हरणं हाकत होता तो. एकटाच. हरीण तुमच्याकडे यावं म्हणून."

डेल्मरने मान हलवली.

"तुम्ही काही ऐकलं नाहीत?"

"ऐकलं."

"मग?"

"थांबलो."

ब्रिटाने हातातलं पेन खिशात ठेवलं. "हो," ती म्हणाली. "अर्धा तास."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की माणूस बराच वेळ जिवंत असावा. लगेच कुणी पोहोचलं असतं तर वाचला असता का, या प्रश्नावर ते हातातले कागद चाळत राहिले. तेवढ्यावरून डेल्मर काय ते समजला.

दुपारी ब्रिटाने त्याला घरी सोडलं. आर्डिसला कुणीतरी आधीच कळवलं होतं. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, अंगात कोट तसाच. शेजारच्या बायका आल्या होत्या, त्यांना तिने परत पाठवलं होतं. डेल्मरच्या कपड्यांवर तिच्या भावाचं रक्त वाळलं होतं. तो दारातच उभा राहिला, पुढे जायची त्याची हिंमत होईना.

"बस," ती म्हणाली.

तो बसला.

"मला एकच सांग. त्रास झाला का त्याला?"

चार हंगाम एक बाण न सोडलेला, आयुष्यात वेधाबद्दल कधी खोटं न बोललेला माणूस होता तो. त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "लागल्या लागल्या गेला. त्याला कळलंसुद्धा नाही."

 आर्डिसने कोटाच्या खिशातून फोन काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

"सकाळी त्याचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "बोलला काहीच नाही. नुसती घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, खिशात दाबला गेला असेल, नेहमीसारखा. मी म्हटलं, नॉर्बा, मला कामं आहेत रे. आणि ठेवून दिला."

डेल्मरने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मलाही आला होता," तो म्हणाला.