डावी पट्टी

"त्यांना म्हणावं, कापड काढा आता. मॅडम ताटकळल्यात," हे मला म्हणाले.

'त्यांना' म्हणजे ह्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला. थोरले भावजी गाडीच्या पलीकडेच उभे होते आणि त्यांचे कान चांगले शाबूत होते. तरी मी आपलं म्हटलं, "भावजी, कापड काढायचं म्हणतायत." भावजी म्हणाले, "काढतोय म्हणून सांग." संग्रहालयाकडून आलेल्या परीक्षक बाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार, कप्पाळ? आमच्या घरची ही टपालसेवा आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून चालू होती. आता तिची मुलगी शाळेत जाते.

कापड सरकलं आणि खाली ती बसलेली होती. दोनच माणसांची, बुटकी, गडद हिरवी, जुन्या काळची शर्यतीची गाडी. भावजी ज्या गॅरेजात डेंटर होते, ते बंद करताना मालक म्हणाला होता, "न्या दोघं भाऊ ही, नाहीतर भंगारात जाईल." तेव्हा तिचं नुसतं हाडकं-कातडं होतं. दोघांनी सुट्टीचा प्रत्येक दिवस घालून ती उभी केली. पत्रा भावजींचा, इंजिन ह्यांचं. दोन्ही घरांच्या मधल्या शेडमध्ये दोघे असे रमायचे, की मी आणि जाऊबाई हाका मारून दमायचो आणि मग दोघीच जेवून घ्यायचो.

आमचे हे जन्मभर लेथवर टर्नर. केसाएवढा फरक ह्यांना डोळ्यात कुसळ गेल्यासारखा सलतो. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तर मी शिवलेला पडदा ह्यांनी पट्टी लावून मोजला आणि एका बाजूनं लांब आहे म्हणून उसवायला लावला. भावजींचं उलट. ठोकून पत्रा सरळ करायचा आणि मोजायचं ते तळहातानं. एकाच आईची लेकरं, पण देवानं साचे वेगळे वापरले.

गाडीच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, क्रोमची एकेक लांब पट्टी आहे. सगळं बिघडलं ते तिच्यावरून. दाराला गंज लागला म्हणून भावजींनी पट्ट्या काढून नेल्या, काम केलं आणि परत बसवल्या. हे त्यांना पॉलिश करायला गेले आणि हातातली मोजपट्टी स्वस्थ बसेना. डावी पट्टी उजवीपेक्षा करंगळीच्या एका पेरानं आखूड भरली! त्याच सुमारास एक शौकीन माणूस असल्या अस्सल पट्ट्या मागत आमच्या गल्लीत फिरत होता, आणि त्याच महिन्यात भावजींच्या घरावर नवं छप्पर चढलं. ह्यांनी दोन अधिक दोन केले. "खरी पट्टी विकलीस आणि घरी ठोकलेली लावलीस," असं सगळ्यांसमोर म्हणाले. भावजी एवढंच बोलले, "मी काही विकलेलं नाही." हे म्हणाले, "मोजपट्टी खोटं बोलत नाही." झालं. त्या दिवसापासून अबोला. मी पुष्कळ समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या, तेव्हाही हे सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि मागच्या मागे घरी आले. त्या रात्री जेवले नाहीत. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता भावजी लेकीकडे राहायला निघाले होते, कायमचे. गाडी संग्रहालयाला द्यायचं ठरलं, पण बाहेरचं सगळं क्रोमकाम मूळ कारखान्याचं असेल तरच ते घेणार होते. म्हणजे आज निकाल लागणार होता. पट्टी खोटी निघाली, तर भावजी चोर ठरून घर सोडणार होते. मला गाडीचं काही पडलं नव्हतं. मला काळजी होती ती त्या माणसाची.

बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि कामाला लागल्या. बंपर, दिव्यांची कडी, बॉनेटवरचं चिन्ह. खिशातून लोहचुंबक काढून प्रत्येक ठिकाणी टेकवायच्या, तो घसरला की मान डोलवायच्या. "आत पितळ आहे. नकला बहुतेक लोखंडाच्या करतात," त्या मला म्हणाल्या. डाव्या पट्टीवर चुंबक टेकवला. तोही घसरला.

"पितळेची नक्कल पण करता येते, मॅडम," हे म्हणाले. आवाज चढवला होता, पण कोरडा पडला होता. "ही पट्टी आखूड आहे. मी मोजलीय."

"हो, आखूड आहे," बाई म्हणाल्या.

भावजींनी मान खाली घातली. मी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"पण तुम्ही पट्टी मोजलीत," बाई पुढे म्हणाल्या. "दार मोजलंत का?"

"दार?"

"दार. गाडी. ही बाजू."

बाईंनी टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि चाकापासून चाकापर्यंत आधी उजवी बाजू मोजली, मग डावी. डावी बाजूच आखूड होती! तेवढीच, करंगळीच्या पेराएवढी.

"ह्या गाड्यांचा पत्रा हातानं ठोकलेला," बाई सांगायला लागल्या. "लाकडी साच्यावर एका बाजूला एक कारागीर, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन बाजू कधीच सारख्या यायच्या नाहीत. मग पट्टी त्या-त्या बाजूला लावून बघायची आणि तिथेच कापायची. दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या असल्या ना, की मला संशय येतो. ही चूक पुष्कळांची होते. लेथवर काम केलेल्यांची तर हमखास."

"पण..." हे अडखळले. "दादाच्या हातात कला आहे, मॅडम. त्यानं तशीच मापानं करून बसवली असेल तर?"

दादा! इतक्या वर्षांत मी तो शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि आला तो कसा, तर आरोप करताना. भावजींनी पाना घेतला, खाली वाकले, एकेक करून नट सोडवले आणि पट्टी बाईंच्या हातात ठेवली.

बाईंनी ती उलटी केली. मागे धूळ आणि जुनं ग्रीस होतं. चिंधीनं पुसलं तशी छिन्नीनं ठोकलेली दोन अक्षरं आणि तीन आकडे वर आले, जरा तिरपे, घाईत ठोकल्यासारखे. "एका गाडीची पट्टी दुसरीला बसायची नाही ना, गोंधळ नको म्हणून मागे गाडीचा नंबर ठोकायचे," असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं आणि आतल्या कडेवर टॉर्च मारला. तीच अक्षरं, तेच आकडे, तसेच तिरपे.

"मूळचीच आहे," बाई म्हणाल्या. "शंकाच नको."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांच्याकडे बघायची भीती वाटत होती. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार, किंवा आणखी काहीतरी खुसपट काढणार. पण ह्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "बरं झालं. देवा, बरं झालं." इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांना भावाला चोर ठरवायचंय. खरं तर रोज रात्री हा माणूस उलटंच मागत असणार आणि स्वतःच्या मोजपट्टीपुढे काही चालत नसणार.

बाई मागच्या बाजूला गेल्या होत्या. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या चकचकीत कड्यावरून बोट फिरवून त्या थांबल्या. "हे मात्र कारखान्याचं नाही हं."

"कशावरून?" हे.

"फारच गोल आहे."

मग ह्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "ते... मी केलंय. जुनं सडलं होतं."

"मला ठाऊक होतं," भावजी म्हणाले. थेट ह्यांना म्हणाले, मध्ये मी नाही. "म्हटलं, बरं केलंय. कशाला बोला!" आणि हसायला लागले. हसता हसता खोकले. ह्यांनी पुढे होऊन त्यांची पाठ चोळली. चोळता चोळता हेही हसत होते, की रडत होते, ते मी बघितलं नाही.

"एवढं एक घरचं असेल तर चालेल. मी तसं लिहीन," असं म्हणून बाई फोन करायला बाहेर गेल्या.

"दादा," हे म्हणाले. "वहिनीला हे कळायला हवं होतं रे."

"तिला माहीतच होतं," भावजी म्हणाले. "तिनं मला एकदाही विचारलं नाही."

हे काही बोलू गेले.

"राहू दे. पट्टी धर आधी," भावजी म्हणाले. "माझे हात कापतात हल्ली."

हे गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळव्यांनी पट्टी दाराला धरून राहिले. भावजींनी सावकाश, चाचपडत नट लावायला सुरुवात केली. एक सुटून खाली पडला, तो मी उचलून दिला. कोणाला घाई नव्हती. शेवटचा नट आवळून झाला, पाना खाली ठेवला, भावजी कंबर धरून उभे राहिले, तरी ह्यांनी पट्टीवरचे हात काढले नाहीत.